बोहनी

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी आयुष्यात प्रथमच स्वतःच्या हाताने केलेली वस्तू स्वतःच्या हाताने विकली. पुण्या-मुंबईकडे पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात, आमच्याकडे नागपुरात बोहनी. पहाटे दुकान उघडणारा किराणावाला बोहनीचे पैसे कपाळाला लावतो आणि मगच गल्ल्यात टाकतो. माझ्या हातात दोन नोटा आल्या तेव्हा त्या कपाळाला लावाव्यात की कोणाचे लक्ष जाण्याच्या आत खिशात कोंबाव्यात, हे मला कळेना. मी त्या खिशात कोंबल्या. तेव्हापासून वर्षभर तो प्रसंग मनातून गेलेला नाही, म्हणून आज वाचकांपुढे मांडतो आहे.

कोणी म्हणेल, तुम्ही तर कादंबरीकार. पुस्तके विकलीच की आजवर. पण कादंबरी विकतो तो प्रकाशक. वाचक पैसे मोजतो तेव्हा मी तिथे नसतो. त्याने किंमत पाहून नाक मुरडले तरी ते मला दिसत नाही. शाळेचा पगारही तसाच. बेताचा आहे, पण महिन्याच्या महिन्याला मिळतो, आणि तो मागताना कोणाच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही. समोर माणूस उभा आहे, त्याच्या हातात माझी वस्तू आहे आणि तो विचारतो आहे, ‘किती?’ हा अनुभव पंचेचाळिशीपर्यंत मला ठाऊकच नव्हता.

मी कळमन्याला राहतो. नागपूरच्या पूर्वेचे हे गाव आता शहरात मिसळून गेले असले, तरी त्याची ओळख बाजाराची. धान्य, कांदे-बटाटे, संत्री, मिरची, सगळे घाऊक इथे उतरते. उन्हाळा तोंडावर आला की भिवापूर-कुहीकडची लाल मिरची येते, आणि वाऱ्याची दिशा बदलली तर आमच्या वर्गातली पोरे पाढे म्हणता म्हणता ठसकू लागतात. दिवाळीच्या सुमाराला आंबिया बहाराची संत्री येतात. पहाटे हर्रास सुरू होतो, अडत्याचा माणूस ढिगावर उभा राहून भाव पुकारतो, आणि घटकाभरात एखाद्या शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमांचा निकाल लागून जातो. मी खालच्या वर्गांना मराठी आणि सगळ्यांना चित्रकला शिकवतो. आमच्याकडची म्हातारी माणसे दहावीला अजून मॅट्रिकच म्हणतात. त्या हिशेबाने मी मॅट्रिक. शिवाय चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन ग्रेड परीक्षा. माझी विद्या एवढीच.

ठसे कोरण्याचा नाद त्या परीक्षांच्या काळातला. लिनोलियम म्हणजे जवसाचे तेल, बुचाचा भुगा वगैरे एकत्र करून, मागे तागाचे कापड लावून केलेला जाड पत्रा. मुळात तो साहेबाच्या घरी जमिनीवर अंथरायचा. त्यावर चित्र उलटे काढायचे, जे पांढरे राहायला हवे ते कोरणीने काढून टाकायचे, उरलेल्या उंचवट्यावर रुळाने छापखान्याची शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि पाठीमागून चमच्याच्या पाठीने घासायचे. यंत्र लागत नाही. घरातला एक चमचा कायमचा बाद होतो, एवढेच. वर्षानुवर्षे मी असे ठसे काढून दिवाळीला नातेवाइकांना पाठवीत आलो. गेल्या वर्षी मात्र सीताबर्डीकडच्या एका विक्री-प्रदर्शनात दोन हजार रुपये भाडे देऊन एक टेबल घेतले. का घेतले, त्याची कारणे मी घरी बरीच भारदस्त सांगितली. खरे कारण असे की, फुकट दिलेल्या वस्तूला लोक ‘छान आहे’ म्हणतातच. पैसे देऊन कोणी घेते का, हे मला एकदा पाहायचे होते.

मुख्य ठसा एका हमालाचा होता. वाकलेली पाठ, पाठीवर कट्टा, पायांखाली बाजारातली फरशी. माझ्या मते माझ्या हातून झालेले ते सर्वांत चांगले काम. चिठ्ठीवर किंमत लिहिली तीनशे रुपये.

पहिले गिऱ्हाईक म्हणजे नातीचा हात धरून आलेल्या एक आजी. त्यांनी तो ठसा उचलला, दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. ‘हातानं केलं?’ म्हणाल्या. मी ‘हो’ म्हटले. त्यांनी चिठ्ठी पाहिली, आणि त्या काही बोलण्याच्या आतच माझ्या तोंडून निघून गेले, ‘दोनशे द्या.’ आजींनी एकदा माझ्याकडे पाहिले, दोन नोटा दिल्या आणि ठसा घेऊन त्या गेल्या. त्यानंतर दिवसभर मी दोनशेलाच विकत राहिलो. अकरा गेले.

घरी आल्यावर पत्नीने सगळी हकीकत ऐकली आणि एकच प्रश्न केला : ‘त्या बाईनं कमी करा म्हटलं नव्हतं, मग तुम्ही काहून सोडले?’

या ‘काहून’चे उत्तर मला त्या रात्री देता आले नाही. आधी वाटले, हा आपला भिडस्तपणा. मग वाटले, ही आपली नम्रता. माणूस स्वतःच्या दोषाला नाव शोधू लागला की आधी सद्गुणांच्याच यादीत शोधतो. पुष्कळ विचार केल्यावर आता मला वाटते की तो अहंकार होता. मी विकायला बसलो होतो, पण विकणारा दिसायचे नव्हते. ‘हा काही पैशासाठी करत नाही’ असे त्या अनोळखी आजींना वाटावे म्हणून मी शंभर रुपये मोजले. एवढ्या स्वस्तात मोठेपणा मिळतो म्हटल्यावर कोण सोडील?

आपल्याकडे या भावनेला संतांचा आधार काढण्याची रीत आहे. तुकोबा मिरच्या विकायला कोकणात गेल्याची कथा महिपतीने सांगितली आहे. तुकोबा नामस्मरणात दंग, गिऱ्हाइके आपापल्या हाताने मापून मिरच्या घेऊन जातात, पैशाचा पत्ता नाही. नामदेवाला कापड विकायला बाजारात पाठवले तर त्याने ते धोंड्यांना उधार दिले. अशा कथा ऐकत आपण वाढलो, आणि भाव न सांगणारा माणूस तो थोर, असे काहीसे मनात बसून गेले. पण मिरचीची ती कथा पुढे वाचावी. बुडालेले पैसे वसूल करायला खुद्द विठोबा दारोदार फिरतो! ते पैसे सोडून द्यावेत असे देवाला वाटले नाही. मिरची पिकवणाऱ्याचे, वाहून नेणाऱ्याचे पैसे त्यात होते, आणि तुकोबांच्या घरी चूल होती. कळमन्यात राहून ही कथा मला इतक्या उशिरा कळावी, याची थोडी लाजच वाटते. आणि ज्या कबीराचे नाव आपण त्याच श्वासात घेतो तो मागावर विणलेले कापड बाजारात नेऊन विकत होता. त्यात त्याला कमीपणा वाटल्याचे ऐकिवात नाही.

हे सगळे माझ्या एकट्याच्या मनाचे खेळ असते तर दिवाळी अंकाची पाने मी त्यासाठी अडवली नसती. पण त्या दिवशी शेजारच्या टेबलावर एक बाई होत्या. लाकडी ठशांनी छापलेले कापड विकणाऱ्या : पलंगपोस, टेबलक्लॉथ, ओढण्या. गुजरातेतल्या पेथापूरचे कोरलेले ठसे त्या वापरतात. त्या गावात ठसे कोरण्याचाच धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यांच्या हाताखाली दोन मुली कामाला. त्यांनी कागदावर छापलेली काही चित्रेही मांडली होती, किंमत साडेतीनशे. संध्याकाळी आवराआवर करताना त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मास्तर, आज माझं कागदाचं एकही गेलं नाही. लोक म्हणाले, शेजारी दोनशेला मिळतं. तुम्हाला पगार आहे. मला हाच आहे.’

यात रागाचा स्वर नव्हता, म्हणूनच ते लागले. मी आजींवर उपकार केला असे समजत होतो. तो उपकार या बाईंच्या खिशातून केला होता.

रात्री मी वही घेऊन बसलो. लिनोलियम, कागद, शाई मिळून खर्च १२६० रुपये. कोरायला अठरा तास लागले. तीस कागद छापले, प्रत्येकी वीस मिनिटे, म्हणजे आणखी दहा तास. एकूण अठ्ठावीस. तासाला शंभर रुपये धरले, तर मजुरी २८००. टेबलाचे भाडे २०००. एकंदर ६०६०. तिसांपैकी सहा छाप बिघडले, चांगले निघाले चोवीस. म्हणजे एका ठशाला अडीचशे रुपयांच्या वर लागत होते. मी तो दोनशेला विकला, तोही चोवीसांपैकी अकराच. आलेल्या २२०० रुपयांत सामानाचे आणि भाड्याचे रोख ३२६० रुपयेसुद्धा निघाले नाहीत. फरक भरला शाळेच्या पगाराने. तो पगार पाठीशी नसता तर मी तीनशेच्या खाली आलो असतो का? मुळीच नाही. म्हणजे माझे औदार्य ते माझे नव्हतेच. आणि ज्यांच्यापाशी पगार नाही त्यांच्याशी मी अशा लढाईत उतरलो होतो, जिच्यात हरण्याचे भय मला नव्हतेच.

हा पेच काही माझ्यापासून सुरू झालेला नाही. इथून पाऊणशे किलोमीटरवर वर्ध्याला तो फार मोठ्या प्रमाणावर येऊन गेला आहे. १९३४ साली तिथे मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले, आणि पुढच्याच वर्षी गांधीजींनी चरखा संघापुढे एक अवघड मागणी ठेवली : सूत कातणाऱ्या बाईला आठ तासांच्या चांगल्या कामाचे आठ आणे मिळाले पाहिजेत. तेव्हा कातणारणींच्या हाती त्याच्या जवळपासही काही पडत नव्हते. कार्यकर्त्यांना धास्ती वाटली ती साहजिक होती. मजुरी वाढली की खादी महागणार, महागली की गरीब गिऱ्हाईक गिरणीच्या कापडाकडे जाणार, आणि कातणारणीचे आहे तेही काम बंद पडणार. आठ आणे काही एकदम देता आले नाहीत, सुरुवात बरीच खालून करावी लागली. पण तत्त्व ठरले ते असे : स्वस्ताई जर कोणाच्या उपाशी पोटातून निघत असेल तर ती नको. गिऱ्हाइकालाही ते ऐकवले गेले. खादीच्या दुकानात जाऊन ‘महाग आहे’ म्हणणाऱ्याला त्या काळी बरेच काही ऐकून घ्यावे लागत असणार!

मला हे पटते, पण पुरते पटत नाही. कारण खादी अखेर सुस्थितीतल्या माणसाच्या अंगावर अधिक दिसू लागली, आणि कातणारीच्या अंगावर गिरणीचे लुगडेच राहिले, हेही खरे. माझ्या ठशाचे तेच. हमालाचे चित्र तीनशे रुपयांना झाले की ते हमालाच्या भिंतीवर लागणार नाही.

ठसा हा प्रकार जन्मला तोच मुळी पुष्कळांच्या हाती पडावा म्हणून. होकुसाई, हिरोशिगे यांची जी चित्रे आज संग्रहालयात काचेआड असतात, ती त्यांच्या काळी जपानी बाजारात साधी माणसे सहज विकत घेत. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत गिरगावात शिळाप्रेस काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर आल्या. माझ्या आजीच्या देवघरात त्यांतलीच एक होती. १९३० साली दांडीयात्रेतले गांधीजी नंदलाल बोसांनी लिनोलियमवरच कोरले : काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांची काठी टेकत चाललेली मूर्ती. हेच नंदलाल १९३६ साली आपल्या खानदेशात फैजपूरच्या काँग्रेसला आले आणि खेड्यात मिळणाऱ्या सामानातून त्यांनी अधिवेशनाची सजावट उभी केली.

अशी परंपरा असता माझ्या टेबलाशी आलेल्या एका तरुणाने, बहुधा चित्रकलेचा विद्यार्थी असावा, मला विचारले, ‘सर, किती काढल्या? ब्लॉक कॅन्सल केला का?’ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चित्रकारांत अशी रीत आहे की, ठशाखाली पेन्सिलीने सातवा/चोवीस असे आकडे घालायचे, म्हणजे चोवीसांतला हा सातवा. आणि चोवीस झाले की मूळ ब्लॉकवर आडवी रेघ ओढून तो निकामी करायचा. पुढे कोणी काढू नये म्हणून. कमी असले की किंमत टिकते.

ती रेघ ओढणे मला जमले नाही. भाव पडला म्हणजे शेतकरी चिडून आपला माल रस्त्यावर ओततो, ते आपण सगळे पाहत आलो आहोत. ते पाहवत नाही, पण त्यामागचा संताप समजतो. त्याला तोडणीचा आणि गाडीभाड्याचा खर्चही सुटलेला नसतो. भाव चढा राहावा म्हणून चांगला ब्लॉक फोडणाऱ्या माणसाला तसले काय कारण आहे? तरीही त्या तरुणाचा प्रश्न मी झटकून टाकू शकत नाही. मी चोवीस असा आकडा लिहिला असेल तर तो घेणाऱ्याला दिलेला शब्द आहे, आणि पंचविसावा काढणे ही फसवणूक आहे. तेव्हा शब्द दिला तर पाळावा. मी शब्दच देत नाही. खाली फक्त ७ लिहितो, कितींपैकी ते लिहीत नाही, आणि विचारले तर सांगतो की अजून निघतील. त्यामुळे एक-दोन गिऱ्हाइके परत गेली. जाऊ देत.

आता भावाविषयी थोडे. आमच्या बाजारासारखे बाजार होण्यापूर्वी अडत्या आणि खरेदीदार उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवीत. ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा. त्याला कळायचे नाही की आपल्या कापसाचे काय बोलणे चालले आहे. ही लबाडी मोडण्याचे काम आमच्या विदर्भातच लवकर सुरू झाले. १८८६ साली कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार झाला, १८९७ साली वऱ्हाडासाठी त्याचा कायदा झाला, आणि १९६३ सालचा महाराष्ट्राचा कायदा पुढे आला. भाव उघड्यावर, मोठ्याने बोलला पाहिजे, हे त्याचे सार. उघडा भाव नेहमी न्यायाचा असतो असे नाही. कळमन्यात राहणारा तरी असे म्हणणार नाही. पण तो ऐकू येतो, त्याच्याशी भांडता येते. मी त्या आजींशी जे केले ते उपरण्याखालचेच होते. चिठ्ठीवर एक, तोंडी दुसरे, आणि शेजारच्या बाईंना त्याचा पत्ता नाही.

इथवर सारे हिशेबात बसत होते. बसले नाही ते पुढचे.

ठशातला हमाल काल्पनिक नाही. आमच्या गल्लीतच राहतो. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. बाजारात जाता-येता त्याला पाहूनच मी ते चित्र काढले. त्याला विचारले नव्हते. विचारायचे असते हे सुचलेच नाही. प्रदर्शनाची बातमी गल्लीत पसरली आणि बाजार बंद होता त्या दिवशी तो माझ्या दारात आला. हसतच होता.

‘मास्तर, मले केवढ्याले इकलं जी?’

मी म्हटले, ‘दोनशेला.’

‘अन् किती झनाईनं घेतलं?’

‘अकरा.’

त्याने मनात गुणाकार केला. ‘बावीसशे! बाप्पा!’ मग थोडा थांबून, ‘दाखवा तरी.’

मी ठसा आणून दिला. त्याने तो बराच वेळ पाहिला. कट्टा पेलणाऱ्या माणसाची नजर असते. आधी त्याने वजनच पाहिले असावे. म्हणाला, ‘मी उजव्या खांद्याकडून घेतो. हे डावीकडून काहून?’ चित्र उलटे छापले जाते आणि कोरताना मी ते उलटवायला विसरलो होतो, हे मी कबूल केले. तेवढ्यात माझ्या मनात घोळत होते ते मी बोलून टाकले, की या पैशांत काही वाटा तुमचा आहे असे मला वाटते. लागला होता तोटा, पण ते सांगण्याची ती वेळ नव्हती.

‘कायचा वाटा?’ तो म्हणाला. ‘त्यात मी आहो हे कोणाले समजते? पोत्याची शिवण काढली तुमी. पोत्यावरचा मार्का बी काढला. मले तोंड कुठी आहे?’

मी पाहिले. खरेच, तोंड नव्हते. मान खाली, कट्ट्याच्या सावलीत, सगळे काळे. मला ते फार अर्थपूर्ण वाटले होते : श्रमाखाली माणसाचा चेहरा हरवतो वगैरे. एक-दोन जाणकारांनी त्याची वाखाणणीही केली होती. आणि इथे तो चेहरा माझ्यापुढे उभा राहून विचारीत होता की मी कुठे आहे.

मिले नावाच्या फ्रेंच चित्रकाराचे ‘अँजेलस’ हे चित्र पुष्कळांनी पाहिले असेल : संध्याकाळची प्रार्थना करणारे शेतकरी जोडपे, पायांशी बटाट्यांची टोपली. चित्रकाराच्या हाती त्याचे थोडके पैसे पडले. त्याच्या मृत्यूनंतर, १८८९ साली, ते चित्र लिलावात साडेपाच लाख फ्रँकांच्यावर गेले, आणि त्याचे कुटुंब मात्र ओढग्रस्तीत होते. त्यावर फ्रान्समध्ये एवढी चर्चा झाली की १९२० साली कायदाच झाला : चित्र पुन्हा विकले गेले तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना काही हिस्सा मिळावा. आपल्याही कॉपीराइट कायद्यात १९९४ साली असे कलम आले, दहा हजारांवरच्या विक्रीसाठी. योग्यच झाले. पण ते जोडपे? ज्याच्या वाकलेल्या मानेवर लाखो फ्रँक उधळले गेले त्या शेतकऱ्याच्या वाट्याविषयी कोणी बोलल्याचे मी कुठे वाचलेले नाही. आमच्याकडे १९६९ सालच्या माथाडी कायद्याने हमालाच्या मजुरीला, भविष्यनिर्वाहाला, रजेला आधार दिला. ओझ्याचा हिशेब झाला. त्या ओझ्याच्या चित्राचा कोणी करायचा?

कोणी म्हणेल, मग तर कादंबरीकाराने लिहूच नये. प्रत्येक पात्रात कोणी तरी शेजारी असतोच. हा आक्षेप मी स्वतःलाच घेतला आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही. माझ्या दोन कादंबऱ्यांत आमची गल्लीच आहे, आणि गल्लीतल्या कोणी त्या वाचलेल्या नाहीत म्हणून मी आजवर सुखाने झोपतो, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येईल. चित्राचे तसे नाही. चित्र वाचायला शाळा लागत नाही.

त्या सुमारास मला चित्तप्रसादांची आठवण झाली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात हा तरुण चित्रकार मिदनापूरकडे पायी फिरला. त्याने काढलेल्या रेखाटनांचे पुस्तक इंग्रज सरकारने जप्त करून जाळले. पुढे ते मुंबईला आले, अंधेरीला एका खोलीत राहून त्यांनी लिनोलियमवर कामकरी मुलांची चित्रे कोरली : बूटपॉलिशवाला, ओझी उचलणारा, फुटपाथवर निजलेला. पैशाची सुबत्ता त्यांनी कधी पाहिली नाही. पण मला आठवले ते निराळेच. दुष्काळातल्या त्यांच्या कितीतरी रेखाटनांवर त्या त्या माणसाचे नाव-गाव टिपलेले आहे. उपाशी माणूस म्हणजे ‘उपासमार’ नव्हे, तो अमक्या गावचा अमका आहे.

मी त्याला म्हटले, ‘पुन्हा काढतो. तोंडासकट. तुम्ही बसा.’

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तो बसला. इस्त्रीचा सदरा घालून, केस पाण्याने बसवून, शाळेच्या फोटोत पोरे बसतात तसा ताठ. मी म्हटले, ‘कट्टा हवा.’ तो म्हणाला, ‘कट्टा नको. रोजचाच आहे.’ आता आली का पंचाईत! कट्ट्याशिवाय तो हमाल दिसेना, आणि त्याला नेमके तेच हवे होते. चित्र कोणाचे, काढणाऱ्याचे की बसणाऱ्याचे, यावर आमचे चांगलेच वाजले. त्याची बायको चहा घेऊन आली तिने तोड काढली. म्हणाली, ‘कट्ट्यावर बसवा ना त्याईले.’

म्हणून नव्या ठशात तो भरल्या कट्ट्यावर बसला आहे, दोन्ही हात गुडघ्यांवर, सरळ समोर पाहतो आहे. या वेळी चित्र उलटवून कोरले, त्यामुळे उजवा खांदा उजवाच राहिला. कलेच्या दृष्टीने पहिला ठसा याहून सरस आहे, असे मला अजून वाटते. हे त्याला सांगितलेले नाही. नव्या ठशाचा पहिला छाप त्याच्या घरी, कॅलेंडरच्या शेजारी लागला आहे. मुलीने खाली मार्करने नाव लिहिले आहे.

शेजारच्या त्या बाईंकडे मी मध्यंतरी जाऊन आलो. क्षमा मागायची म्हणून गेलो होतो. ते राहिलेच, किमतींवरच बोलणे झाले. या वर्षी आम्ही दोघांनी टेबले लागूनच घेतली आहेत आणि कागदावरच्या कामाची किंमत आधी ठरवायची असे बोलून ठेवले आहे. पहिल्या ठशाच्या उरलेल्या प्रती न्याव्यात की नाही, ते अजून ठरत नाही.

परवा संध्याकाळी नव्या ठशाचे छाप दोरीवर वाळत घातले होते, तेव्हा तो बाजारातून परतताना थांबला. मोजले त्याने. मग म्हणाला, ‘यंदा केवढ्याले लावता जी?’

‘तीनशे लावीन म्हणतो.’

‘पाचशे लावा.’

‘एवढे कोण देईल?’

‘नाही देईल तं नाही देईल. तुमी पहिलेच कमी करून टाकता.’ त्याने एका छापाची वाकडी झालेली कड सरळ केली. ‘अन् कमी करा लागलेच तं मले फोन करून इचारा. मंग करा.’

‘आणि वाटणी?’

‘ते मंग पाहू,’ तो म्हणाला. ‘पहिले भाव तं धरून ठेवा.’